पहिली कथा राहायला येते

सुमतीबाई धोंगडे यांची पहिली कथा सोमवारी सकाळच्या एसटीने मिरजेला आली आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करून घरी पोचली. बाईंनी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली ती, 'अभागी मंदाकिनी'. दारात उभी राहून म्हणाली, "हाय रे दैवा! घरात कुणी आहे का?"

बाई आता साठीच्या, नावाजलेल्या. त्यांच्या हल्लीच्या कथांत कुणी रडत नाही. फार झालं तर उठून खिडकी लावून घेतात. पण दारात आलेल्या लेकीला परत कोण धाडतं? त्यांनी तिला आत घेतलं आणि चहा टाकला.

मंदाकिनीचा तसा काही त्रास नव्हता. भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची, मध्येच उसासे टाकायची. संध्याकाळ झाली की तुळशीपाशी जाऊन मरायची, कारण तिचा शेवटच तसा होता. मग उठून पदर झटकायची आणि पोळ्या लाटायला बसायची. पोळ्या बऱ्या करायची.

बुधवारी साहित्य समितीचे कार्यवाह काकतकर आले. येत्या रविवारी बाईंना समितीचा मोठा पुरस्कार मिळायचा होता. त्याची वाट बघता बघता बाईंचे केस पांढरे झाले होते, आणि तो आपल्याला हवा आहे हे त्या कुणापासून लपवतही नव्हत्या.

काकतकरांनी मंदाकिनीला आपादमस्तक न्याहाळलं. "बाई, ही अडचण आहे. पुरस्कार घेणाऱ्याच्या घरी सुरुवातीचं लेखन हयात असता कामा नये. नियमच आहे तसा."

"मग बाकीच्यांनी काय केलं?"

"गेल्या वर्षी रेगेसरांनी त्यांची विहिरीत सोडली. सत्कार झकास झाला."

"ओरडली नाही?"

"पहिल्या कथा ओरडतातच, बाई." काकतकरांनी बिस्किट चहात बुडवलं. "तेवढं करवत नसेल तर दुरुस्त करा. तुमचा हात आता बसलाय. चार लोकांत बसवण्याजोगी झाली, की समितीची हरकत नाही."

हे बाईंना पटलं. दुपारी त्यांनी मंदाकिनीला पुढ्यात बसवलं आणि पेन्सिल घेतली. 'कमलनयन' खोडलं, तसे पोरीचे डोळे साधे झाले. दोन उसासे खोडले, तशी ती ताठ बसली. बाई खुशीत आल्या. मग एका लांबलचक वाक्यापाशी हात अडला. मंदाकिनी भर मांडवात, सासरच्यांच्या तोंडावर, पानभर बोलत सुटते ते वाक्य. त्याला ना शेंडा ना बुडखा, पण पोरगी कुणाच्या बापाला भीत नव्हती.

"हे खोडू का गं?" बाईंनी विचारलं.

"खोड की," मंदाकिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी संयत झाला होता. "काकतकरांना आवडेल."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग संताप आला, आणि आधी स्वतःचाच आला. एकोणिसाव्या वर्षी त्यांना लिहिता येत नव्हतं, पण कुणाला काय आवडेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढं त्या लिहायला शिकल्या, खरंच शिकल्या. त्याबरोबर हेही शिकल्या. त्यांनी रबर घेतलं आणि मारलेल्या सगळ्या रेघा घासून पुसून टाकल्या. मंदाकिनीने मोठ्ठा उसासा टाकला.

शनिवारी काकतकर पाहणीला आले. "ही तर आहे तश्शीच आहे!"

"तश्शीच राहणार. हिला अक्कल नाही, धरबंद नाही, पण माझी आहे. ही नसती तर मी काय आभाळातून पडले असते?"

"मग पुरस्काराचं काय?"

"गेला उडत! रेगेसरांनाच द्या परत. आणि म्हणावं, एकदा विहिरीत वाकून बघा."

"पस्तावाल, बाई."

"पस्तावेन की! इतकी वर्षं हवा होता मला तो. रडेनसुद्धा. आता घरात रडायला सोबत आहे."

रविवारी सत्कार दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. बाईंना फार वाईट वाटलं. दिवसभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास कडी वाजली. दारात त्यांची दुसरी कथा उभी होती. ती पहिलीहूनही वाईट होती, शिवाय तिच्यासोबत एक जमीनदार होता. त्याने मिशीला पीळ दिला आणि उंबऱ्यावरूनच विकट हास्य केलं.

"चपला बाहेर काढा," बाई त्याला म्हणाल्या, आणि मंदाकिनीला त्यांनी आणखी दोन पानं घ्यायला सांगितलं.