खपलीचे राखणदार

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एक वेळ चोरी चालेल, पण सिद्रामप्पांसमोर कुणी खपली खरवडलेली चालत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हा माणूस तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करतोय. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण पलीकडच्या ओळीत एखाद्याचं नख खपलीकडे वळलं की यांना बरोबर दिसतं. लगेच कानडीत दम, ‘मुट्टबेड’, म्हणजे हात लावू नको. मालकांनाही सोडलं नाही. त्यांना फक्त आदरानं ‘मुट्टबेड्री’ म्हणाले.

मी तिथं पॅकिंग बघतो. गेल्या उन्हाळ्यात गाडीवरून घसरलो आणि गुडघा सोलवटला. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत माझी पँट वर करून तपासणी. एकदा खाज सुटली म्हणून नुसतं बोट नेलं, तर हातातली भाकरी खाली ठेवून त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

“रक्तात बी धागा असतोय. जखम झाली की त्येचं जाळं विणलं जातंय, रक्त त्यात अडकून वाळतंय, ती खपली. तिच्याखाली नवी कातडी तयार हुती. आर्धं कापड मागावरनं कोण उतरवतंय का?”

सातवी शिकलेल्या माणसाकडे हे ज्ञान आलं कुठून, मला कळेना. विचारलं की म्हणायचे, दवाखान्यात ऐकलं. दोन आठवड्यांनी अंघोळ करताना खपली आपोआप गळली. खाली गुलाबी कातडी. पास झाल्यासारखा मी दाखवायला गेलो, तर म्हणाले, सुट्टीला घरी चला, आमच्या मंडळींना दाखवा.

असा मी एका अनोळखी बाईंना गुडघा दाखवायला गेलो. गौरव्वाकाकू कॉटवर बसल्या होत्या. त्यांनी कौतुकानं गुडघा बघितला आणि हसत म्हणाल्या की कारखान्यातला प्रत्येक गुडघा इथं येऊन जातो. सिद्रामप्पा पाणी कोमट करायला आत गेले, तेव्हा काकूंनी खरं ते सांगितलं. त्यांना साखरेचा आजार. दोन वर्षांपूर्वी पायाच्या बोटाला लागलं, खपली धरली. ती काळी दिसते, आत घाण असेल, म्हणून सिद्रामप्पांनीच ओल्या टॉवेलनं घासून काढली. जखम चिघळली आणि शेवटी बोट काढावं लागलं.

एवढ्यात सिद्रामप्पा पाण्याचा टब घेऊन आले. काकू त्यांच्यादेखतच मला म्हणाल्या, “माज्या पायाला काय कळतच न्हाय ओ. ह्येंनी काडली तवा मला जरा बी दुकलं न्हाय. किती सांगितलं, पटत न्हाय ह्येंना.”

सगळ्या गावाला शिकवणारे सिद्रामप्पा खाली बसले. त्यांनी बायकोचा पाय धुतला, मांडीवर घेतला आणि मऊ टॉवेलनं उरलेली चार बोटं एकेक करून कोरडी करू लागले.

“मला दुकतंय की,” पायाकडे बघतच ते म्हणाले.