दोन चांदण्यांमधली सून

"एका ओळीचं काम आहे! अवघ्या एका ओळीचं!" असं म्हणून भिंगरावांनी कप बशीत इतक्या जोरात ठेवला, की बशीनेही खणखणीत होकार दिला.

"बाबा, सव्वीस हजार फोटो आहेत तुमच्या संगणकात," मुलगा म्हणाला. "त्यातून तिचे तेवढे वेचायचे, तेही परवापर्यंत! मी बसतो ना मदतीला."

"तू भांडी आवर. हे माझ्यावर सोड!"

भिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसला, की त्यांना शिंक यायची म्हणे. तिथल्या लोकांनी त्यांचं नाव भिंगराव ठेवलं आणि ते घरापर्यंत आलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि संगणकात ठेवताना त्याला स्वतः शुद्ध मराठीत नाव द्यायचं, हा त्यांचा नेम. कॅमेरा आपणहून जे आकडे देतो, ते त्यांना मुळीच पसंत नव्हते. "नुसता नंबर? फोटो आहे की कैदी?"

परवा सुनेचा चाळिसावा वाढदिवस होता. सून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी, कामात बुडालेली. बारा वर्षांत सासरे-सुनेत भांडण एकदाही झालं नव्हतं. तसं बोलणंही झालं नव्हतं म्हणा! "अगं, चहा." "हो बाबा." संपलं. पण मागच्या महिन्यात मुलाच्या तोंडून निसटलं. "ती म्हणत होती, मी या घरात आहे हे बाबांना दिसतं तरी का?"

हे वाक्य भिंगरावांना प्रुफातल्या चुकीसारखं टोचत राहिलं. दिसत नाही? मला? पण तोंडाने सांगणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून वाढदिवसाला तिचे फोटोच सगळ्यांना दाखवायचं ठरवून त्यांनी सुनेच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक गुपचूप काढलं आणि महिनाभर दार लोटून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले.

पुस्तकातल्या एका पानावर त्यांचा श्वासच अडकला. तिथे चांदणी होती! छापखान्यातली त्यांची जुनी चांदणी. आयुष्यभर ती बिचारी "तळटीप पाहा" एवढंच सांगायची. इथे मात्र तिचा थाटच निराळा! इथे चांदणी म्हणजे काहीही. एक अक्षर, शंभर अक्षरं किंवा काहीच नाही! शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या लावल्या, की तो शब्द पोटात असलेली सगळी नावं यंत्र शोधून आणतं. आणि दोन चांदण्या जोडून लिहिल्या, तर फोल्डरच्या आतलं फोल्डर, त्याच्याही आतलं फोल्डर, सगळी कपाटं धुंडाळून येतं!

भिंगरावांनी भक्तिभावाने टाइप केलं: *सून*. पुढे जोडचांदणीही लावली. बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं: ४८६ फोटो.

ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. सव्वीस हजारांतून चारशे शहाऐंशी, आणि एवढ्यात! माणसाला वर्ष लागलं असतं. त्यांनी पडद्याला चक्क नमस्कार केला. फोटो उघडून बघायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. अडतीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं प्रूफ काढलंच नाही!

वाढदिवसाला बैठकीच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणली. सोफ्यावर भिंगरावांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची ताई. शेजारी खुर्चीत शेजारीणबाई. मुलगा दारात. दहा वर्षांची नात सोफ्याच्या हातावर. आणि अगदी मध्यभागी सून, हातात केकची बशी.

"बाबा, हे तुम्ही केलंत? प्रोग्रॅम लिहून?" तिचे डोळे विस्फारले.

"एका ओळीचं काम!" भिंगराव म्हणाले. "फोटोचं नावही खाली आपोआप येतं. बघच आता, मला घरात काय काय दिसतं!"

दिवा बंद झाला. पहिला फोटो आला. चादरभर ताई! गाल फुगलेले, तोंड भिंतीकडे. खाली ठसठशीत अक्षरांत: "ताई रुसून बसलेली. कारण नेहमीचंच."

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या.

"नेहमीचंच म्हणजे काय रे?" ताईंनी विचारलं.

"चुकून आला असेल!" भिंगराव म्हणाले. "पुढचा बघा!"

पुढचा आला. "शेजारीण सोफ्यावर बसून. तास तिसरा."

"अगंबाई!" शेजारीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. अर्ध्याच, कारण पूर्ण उठावं की बसून राहावं, हे त्यांना ठरवता येईना.

"मुलगा भांडी पुसून दमलेला. भांडी दोन."

"बाबा!" दारातून आवाज आला. नात मात्र हसून हसून सोफ्यावरून घरंगळली.

भिंगरावांना दरदरून घाम फुटला. रुसून, बसून, पुसून! घरादारातल्या प्रत्येकाच्या पोटात सून निघत होती! आणि तेवढ्यात एक कागद आला. "पान ४१, तपासून." मग पान ४२, तपासून. पान ४३, तपासून. छापखान्यातल्या शेवटच्या पुस्तकाच्या पानापानाचा फोटो त्यांनी आठवण म्हणून काढून ठेवला होता. पुस्तक साडेतीनशे पानांचं होतं!

"थांबव ना हे!" ताई ओरडल्या.

"कसं थांबवायचं, ते पुढच्या धड्यात आहे गं!"

पानं येत राहिली. एकशे बाराव्या पानानंतर अचानक सुनेचा फोटो झळकला. भिंगरावांनी सुटकेचा श्वास टाकला, तो अर्ध्यातच परत घेतला. फोटोत तिची नुसती पाठ होती. खाली: "सून, पाठमोरी."

मग पान ११३, तपासून.

सुनेने केकची बशी खाली ठेवली. "म्हणजे एवढ्या सगळ्यांत माझा एक फोटो," ती हळूच म्हणाली. "तोही पाठीचा."

भिंगराव पुढे सरसावले. "नाही गं! शेकड्यांनी आहेत! मी स्वतः नावं दिलीत! कुठे गेले कोण जाणे!"

हा माणूस एका दमात इतकी वाक्यं बोललेला तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, तिने दोन बटणं एकदम दाबून पानांचा लोंढा थांबवला आणि ती एक ओळ वाचली.

"बाबा, माझ्या फोटोंना नावं काय देता तुम्ही?"

"सुनेचा अमुक, सुनेने केलेलं तमुक. अगदी व्याकरणशुद्ध!"

"सुनेचा. म्हणजे पहिला उकार?"

"अर्थात! विभक्तीचा प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व होतो. एवढं तर..." भिंगरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि शोधायला सांगितलात दुसरा उकार!" आता तिला हसू आवरेना. "बारा वर्षं एकत्र कुटुंबात राहतेय, आणि मी आपली विभक्तीत!"

"पण एका उकाराने एवढा फरक? उकाराला स्वतंत्र अस्तित्व कुठे असतं? तो अक्षराला लटकतो!"

"कागदावर. यंत्राच्या लेखी उकार हे वेगळं चिन्ह आहे. स एक, उकार दुसरा, न तिसरा. तिघं शेजारी शेजारी उभे."

भिंगराव चादरीकडे बघत राहिले. उकार स्वतःच्या पायांवर उभा! अडतीस वर्षं ज्याला दुसऱ्याच्या पायाशी लोंबकळताना पाहिलं, त्याला इथे स्वतःची जागा होती. त्यांचे डोळे पाणावले.

सुनेने चौकोनी कंस घातला, त्यात दोन्ही उकार ठेवले. "यातला कुठलाही एक चालेल." मग शब्दाला चिकटलेली आधीची चांदणी खोडली. "आता नावाची सुरुवातच सुनेपासून झाली पाहिजे. रुसून, बसून, तपासून, सगळे बाहेर!"

बटण दाबलं. ९१३.

तिने आकडा पुन्हा वाचला. नऊशे तेरा!

फोटो येऊ लागले. "सुनेचा चहा. साखर बरोबर." "सुनेने दुरुस्त केलेला पंखा. मुलाने शिडी धरली." "सुनेला लागलेली डुलकी, पुस्तकासकट." "सुनेच्या चपला दारात. आली एकदाची घरी." मध्येच एक "सुनसान रस्ता" येऊन गेला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेजारीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुलगाही शिडीबद्दल काही बोलला नाही.

"बाबा, एवढं दिसत होतं," सून म्हणाली, "तर एकदा तरी बोलायचं!"

"लिहिलं होतं की!" भिंगराव पुटपुटले. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ताईंचाही राग विरघळला. त्यांनी केकचा तिसरा तुकडा घेतला.

"आजोबा, आता माझे!" नात ओरडली.

भिंगरावांनी मनातल्या मनात शब्द उलटसुलट तपासला. नात, नातीचा, नातीने. उकार नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. कुठेही फसायला जागा नाही! सून काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी झोकात टाइप केलं: *नात*. बटण दाबलं.

चादरभर भिंगराव स्वतःच उमटले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परम शांती. मागे हार्मोनियमवर ताई, तोंड आ वासलेलं. खाली: "ताई गात असताना मी. कापूस कानात."

ताईंचा चमचा हवेतच थांबला.

"कुठलं गाणं होतं रे ते?" त्यांनी अगदी थंड आवाजात विचारलं.

भिंगरावांना खोटं बोलता येत नसे.

"आता ते मला कसं कळणार, ताई?" ते म्हणाले. "कापूस होता ना!"