एका नावाची यादी

कँटीनमध्ये परात वड्यांनी शिगोशीग भरलेली असली, तरी आमचे चौगुले रांगेत मागे वळून हळूच म्हणतात, "शेवटचे दोनच उरलेत बगा." की सर्जापूर रोडवरचे ते लठ्ठ पगाराचे इंजिनियर एकमेकांना कोपरं मारत पुढे घुसतात. चौगुले शांतपणे इडली घेतात. "वडा कुणाला पाहिजे असतोय? दुसऱ्यानं नेला नाही पाहिजे, बास."

चौगुले निपाणीचे. घरपोच जेवण पोचवणाऱ्या आमच्या कंपनीत, मराठी गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर टिंग करून उगवणारे संदेश ते लिहितात. कुणाला, किती वाजता पाठवायचे, हे मी ठरवतो. म्हणजे आम्ही एकाच माळेचे मणी. कुणाला भीती घाल, कुणाला शेजाऱ्याचा हेवा वाटायला लाव, कुणाला उगीच अपराधी कर. चौगुले याला 'गळ टाकणं' म्हणतात.

त्यांचा सगळ्यात मोठा गळ म्हणजे "जेवलास काय, बाळ?" बायकांना नुसतं 'जेवलीस काय?' 'ऊटा आय्ता?', जेवण झालं का, असं कानडीत इथं वॉचमनही विचारतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हे वाक्य चौगुल्यांनी थेट आईच्या तोंडून उचललेलं. ती रोज फोनवर विचारायची, यांनी एकदा ते लिहून घेतलं. घर सोडून आलेली पोरं दुपारी एकला ते वाचून धडाधड बिर्याण्या मागवू लागली. साहेबांनी चौगुल्यांच्या हस्ते केक कापला. मला शिसारी आली, पण केक मी दोनदा घेतला.

कौतुकानं त्यांनी आईलाही ॲप घालून दिलं. लेकाच्या कंपनीचं नाव बघून म्हातारीला वाटलं, लेकच विचारतोय. तिचा रोजचा फोन बंद झाला. ती एकपर्यंत थांबून, ते वाचून मगच जेवायला बसायची. चौगुल्यांना तेवढीच उसंत मिळाली.

गेल्या महिन्यात कंपनीनं ते वाक्य शिळं झालं म्हणून काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी निपाणीहून शेजारणीचा फोन आला, "तुमची आई जेवंना झालीया. ल्योक रागावलाय म्हनतीया."

चौगुले माझ्या टेबलापाशी आले. "एक यादी करा. एकाच नावाची. रोज एक वाजता तेच वाक्य जाऊ दे."

"निपाणीला आपण जेवण पोचवतच नाही."

"ठाऊक हाय."

"मग फोन करा ना त्यांना. तुम्हीच विचारा."

"केला की. जेवलीस काय म्हणालो, तर माझीच जाहिरात मला ऐकू आली. ती हो म्हणाली. मी फोन ठेवला. इतके दिवस मशीन विचारत होतं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी यादी केली. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव असतं, तिथं त्यांनी मला 'दत्तू' लिहायला लावलं. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला दत्तू म्हणणारी जगात तेवढी एकच बाई होती, आणि तिच्याशी बोलायला त्यांना मी लागत होतो.