भिंगरीने शाळेचा चौक सर केला त्याची हकीकत

चतुरस्र वाचकांचे सेवेसी विनंती ऐसी जे, शाळेच्या वाटेवरील मोठा चौक सायकलीने सर करावयाची मोहीम कशी उभी राहिली, तीत प्रथम शिकस्त कैसी आली आणि मग यश कैसे आले, ते यथामती लिहिले आहे. जे दृष्टीने पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते दोघांतिघांस पुसोन लिहिले. अधिकउणे जाहले असल्यास दोष लेखणीचा, स्वारीचा नव्हे.

पेठेच्या तोंडाशी एका शिंप्याचे दुकान होते. कोट बेतण्यात त्यांचा हात धरील ऐसा दुसरा नव्हता. त्यांचे कुटुंब, म्हणजे पत्नी, शहराची बस चालवीत, आणि रस्त्यावर कोण सरळ जाईल व कोण ऐन वेळी आडवा येईल, हे माणसाचे खांदे पाहोन ओळखीत. उभयतांस कन्या एक, वय वर्षे नऊ. पायांस स्थैर्य नाही, सबब तिला सर्व भिंगरी म्हणत.

भिंगरी नित्य बाबांच्या स्कूटरवर मागे बसोन शाळेस जाई. परंतु बाबा त्याच फेरीत शिवलेले कपडे गिऱ्हाइकांस पोचवीत, म्हणोन पुढे गाठोडे, मागे गाठोडे, आणि मध्ये कन्येचे केवळ डोके, ऐसी स्वारी शाळेच्या फाटकाशी येई. फाटकावर उनाड पोरांची चौकी बसलेली, ती ओरडत, "आलं, आलं, इस्त्रीचं आलं!" हा उपमर्द भिंगरीचे जिव्हारी लागला, आणि तिने जेवणाच्या ताटावर जाहीर केले की, येत्या सोमवारापासोन आपण आपल्या सायकलीवर जाणार.

सायकल घरी होती, परंतु तिजला गल्लीबाहेर जाण्याची परवानगी नव्हती. मातोश्री म्हणाल्या, "त्या चौकातून मी रोज बस चालवते. तिथे मोठ्यांचीच मला धास्ती वाटते. आणि ही तर मांजर दिसलं की हँडल सोडून टाळ्या वाजवते."

"अगं, ती मागच्या वर्षीची गोष्ट," बाबा म्हणाले.

"मागच्या मंगळवारची," मातोश्री म्हणाल्या.

मग बहुत खल होऊन फर्मान सुटले ते येणेप्रमाणे: रविवारी सकाळी परीक्षा व्हावी, शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली आवळावा, डाव्या कडेने चालावे, वळण्यापूर्वी मागे पाहावे, मग हात करावा, आणि मगच वळावे, उत्तीर्ण झाल्यास सोमवारी शाळेचा रस्ता मोकळा, चुकल्यास वर्षभर गल्लीबाहेर चाक काढणे नाही. यावर अपील नाही.

मग तयारी सुरू जाहली. बाबांनी हातातला लग्नाचा कोट बाजूस ठेविला, आणि शिरस्त्राण ढिले होते त्यास आतून अस्तर लाविले, आणि जाकिटावर चमकती पट्टी ऐसी सफाईने शिवली की एक टाका दिसू नये. ब्रेक आवळिले, घंटीस तेल दिले. हातांच्या इशाऱ्यांची तालीम दुकानातच करावी ऐसे ठरले. सायकल स्टँडवर चढविली, भिंगरी वर बसली, आणि बाबा समोर उभे राहोन शिकवू लागले. "उजवीकडे वळायचं तर असा हात," ऐसे म्हणोन त्यांनी उजवा हात लांब केला, आणि तिनेही केला. "डावीकडे तर असा." तिनेही केला. बाबांनी डोळे बारीक करोन, जैसी बाही पाहावी तैसे पाहिले आणि म्हणाले, "वा! इंचाचा फरक नाही!" चार दिवस ऐसी तालीम चालली. सायकल मात्र स्टँडवरच, त्यामुळे हात बहुत केले आणि वळण एकही घेतले नाही.

रविवारी सकाळी कूच जाहले. मातोश्री आधीच चौकात जाऊन खांबाशी उभ्या राहिल्या. भिंगरी डाव्या कडेने निघाली, आणि मागोमाग बाबा गळ्यात टेप तैसीच ठेवोन पदपथावरोन धावत निघाले. त्यांच्या छातीत शिवणयंत्र सुरू होते. वाटेत मांजर आडवे गेले. कन्येने दोन्ही हातांनी हँडल धरोन फक्त घंटी वाजविली. बाबांचे डोळे भरोन आले. पोरीची सायकल आज पुन्हा गल्लीत अडकली तर दोष आपल्या शिकवणीचा, हे त्यांस पुरते कळत होते.

चौकात स्वारी उजवीकडे वळणार होती. त्याच समयी मागोन एक फुगेवाला सायकलीवर येत होता, उंच काठीस फुग्यांचा गुच्छ बांधिलेला. भिंगरीने पुढे पाहात मोठ्या ऐटीने हात लांब केला, तो डावा; आणि वळली ती उजवीकडे. फुगेवाल्याने हात पाहोन मनाशी म्हटले, पोर डावीकडे चालली, आणि तो उजव्या अंगाने पुढे निघाला. पाहातो तो पोर समोर! त्याने ब्रेक दाबिले, आणि तो बाजूच्या वाळूच्या ढिगात सुखरूप जाऊन बसला. परंतु काठी तारेच्या कुंपणावर आदळली, आणि फट्, फट्, फटाफट् ऐसे बार जाहले की झाडावरले पक्षी उठले आणि समोरच्या घरातील आजोबा दाढी अर्धी ठेवोन गॅलरीत आले.

फुगेवाला वाळू झाडीत उठला. "अगं ए राणीसरकार! हात इकडे आणि चाक तिकडे? माणसानं विश्वास ठेवायचा कशावर?"

मातोश्री खांब सोडोन आल्या. आधी पोरीचे गुडघे पाहिले, मग फुगेवाल्याचे कोपर पाहिले, आणि मग म्हणाल्या, "उतर. सायकल हातात धर. घरी."

"पण मी हात केला होता!" भिंगरी म्हणाली. "बाबांनी शिकवला तसाच केला!"

"मी असा कशाला शिकवीन?" बाबा म्हणाले, आणि भर रस्त्याच्या कडेस तिच्या समोर उभे राहोन त्यांनी उजवा हात लांब केला. भिंगरीने, आरशात दिसावा तैसा, समोरचाच हात केला. तो डावा होता. बाबांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बघ! बरोबर तर आहे!"

मातोश्री कन्येच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी कपाळास हात लाविला. "अहो, जन्मभर गिऱ्हाईक आरशात बघत आलात. समोर खरं माणूस आहे, आरसा नाही! तुमच्या उजव्या बाजूला दिसतोय तो तिचा डावा हात आहे!"

बाबांनी एकवार आपला हात पाहिला, एकवार तिचा पाहिला, आणि जन्मात प्रथमच आपले माप चुकले हे त्यांस उमगले. ते म्हणाले, "चूक माझी. शिक्षा तिला नको. हवं तर मला वर्षभर गल्लीत ठेव."

फुगेवाला हसला. मातोश्री हसल्या नाहीत. मग भिंगरी नाक पुसोन म्हणाली, "हात बाबांचा चुकला. पण मागे बघायचं राहिलं ते माझं. ऐटीत होते मी. बघितलं असतं तर काका दिसले असते."

मातोश्रींनी हे ऐकिले. चौकात चूक करोन वर दुसऱ्यावर हॉर्न वाजविणारे त्यांनी रोज पाहिले होते. चूक मोजोन आपला वाटा वेगळा काढणारे फार थोडे. त्यांचा राग निवळला. हुकूम जाहला की, परीक्षा पुन्हा व्हावी, परंतु आधी काकांचे फुगे पूर्ववत व्हावे.

मग तिघेही वाळूच्या ढिगावर बसोन काकांच्या पिशवीतील नवे फुगे फुगवू लागले. बाबांचा श्वास अपुरा पडे, मातोश्रींचा पुरे, आणि भिंगरीचे गाल दुखोन लाल जाहले, तरी तिने शेवटचा फुगा दुसऱ्या कोणास दिला नाही. काठी भरली तैसा फुगेवाला म्हणाला, "मी पुन्हा मागून येतो. बघू आता कोण कोणाला चकवतं!"

दुसऱ्या वेळी बाबांनी आधी तिच्या पाठीमागे उभे राहोन, तिचाच हात धरोन, उजवा-डावा पुन्हा शिकविला. भिंगरी चौकापाशी मंद जाहली, मान वळवोन मागे पाहिले, फुगेवाला पाहिला, फुगेही पाहिले. मग उजवा हात लांब केला आणि उजवीकडे, जैसा पट्टीवर खडू फिरावा तैसी, सफाईने वळली. फुगेवाला मागे थांबला, आणि त्याने आपण होऊन एक फुगा फोडोन सलामी दिली. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "ठीक आहे." त्या घरात याहोन मोठी पदवी नाही.

सोमवारी स्वारी एकटी निघाली. चौकात समोरोन शहराची बस आली. भिंगरीने मागे पाहिले, पुढे पाहिले, हात लांब केला. बस थांबली. चालकाच्या आसनावर मातोश्री होत्या. त्यांनी हॉर्न दिला नाही, हात हालविला नाही. कोणत्याही गाडीस द्यावी तैसी तिला वाट दिली. आईस हात करावा ऐसे कन्येस बहुत वाटले. परंतु भलताच हात केल्यास मागचा माणूस काय समजेल, ऐसा विचार करोन तिने दोन्ही हात हँडलवर ठेविले, आणि आईकडे पाहोन फक्त दात दाखविले.

येणेप्रमाणे चौक सर जाहला. जखमी कोणी नाही. जीत भिंगरीची, ती तिच्याच नावे नोंदविली असे.