हिरूबायची जुई

आमच्या सोसायटीतली हिरूबाय मासे कापायच्या कोयत्यानं गुलाब छाटते. तेही फक्त स्वतःचे नाहीत. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की ती पदर खोचून कोयत्यासकट अंगणात उतरते, आणि तळमजल्यावरची मंडळी आपापल्या कुंड्या उचलून घरात पळतात.

ही मूळची सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. जन्मभर मासळी विकली, गुडघे गेले तेव्हा धंदा सोडला आणि आमच्या इमारतीत तळमजल्याला राहायला आली. बाजार सुटला, बाजारातली जीभ मात्र तशीच राहिली. झाडांनाही ती गिऱ्हाइकासारखी फैलावर घेते. "काय गो, पावसान नुसती पानां काढून मातलीस. फुलां कवा देशील?" असं विचारते आणि उत्तराची वाट न बघता घाव घालते.

शेजारचे देशमुख एकदा गावाहून परतले, तर त्यांच्या जास्वंदीचे नुसते खुंट उरलेले. ते कुंडीपुढे श्रद्धांजली वाहायला आल्यासारखे उभे राहिले. हिरूबाय म्हणाली, "टेन्शन घेव नको. छाटल्याबिगर फुटत नाय." हे तिचं ठरलेलं वाक्य. दिवाळीपर्यंत ती जास्वंद लगडली, पण देशमुख अजूनही कोयता दिसला की कुंडीच्या आड जाऊन उभे राहतात.

छाटणी झाली की पावसाळ्यात माजलेलं गवत उपटायचं, माती उकरून तिला ऊन द्यायचं, शेवंतीच्या कुंड्या उन्हात सरकवायच्या. मग प्रत्येक मुळाशी मासे धुतलेलं पाणी. त्या आठवड्यात आम्ही नाक धरून ये-जा करतो आणि पलीकडच्या सोसायटीतली मांजरंही आमच्याकडे मुक्कामाला येतात.

या तडाख्यातून एकच वेल सुटायची, तिच्या स्वतःच्या दारातली जुई. ती भिंतीवरून चढत दुसऱ्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या गजांत शिरली होती. त्या खिडकीशी माझी आई बसते. आई साताऱ्याकडची, सगळे तिला आक्का म्हणतात. पूर्वी या दोघी रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसून अख्ख्या सोसायटीची उणीदुणी काढायच्या. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं खाली उतरणं थांबलं. इमारतीला लिफ्ट नाही, आणि हिरूबायचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

यंदा सोसायटीचं रंगकाम निघालं. परांची बांधायची तर वेल काढणं भाग होतं. हिरूबायला सांगायला सेक्रेटरींनी मलाच पुढे केलं.

"थंडी परू दे, मंग बघू," ती म्हणाली.

"अगं, छाटल्याबिगर फुटत नाय ना?" मी चिडवलं.

ती चिडली नाही. कोयता बाजूला ठेवून वर बघत राहिली. "दादूस, आक्का सांजचे कल्या खुडते. तवा वेल हालते. वेल हालली का मना कलतं, म्हातारी उठून बसलेय. मंग मी चाय पिते."

कळ्यांचा बहर संपला तरी आई संध्याकाळी ती वेल ओढत बसायची, ते मला तेव्हा आठवलं. मी समजत होतो, वय झालं तिचं.

दुसऱ्या दिवशी मजूर यायच्या आधीच हिरूबायनं जुई स्वतःच्या हातानं गुडघ्याएवढी छाटली. माती उकरली, खत घातलं, आणि जाळ्याची एक जुनी लांब दोरी माझ्या हातात दिली. "वर खिरकीला बांद. नवी फूट येवस्तवर." खालचं टोक तिनं आपल्या दारावर टांगलेल्या एका पत्र्याच्या डब्याला बांधलं, आत मूठभर शिंपले टाकले.

संध्याकाळी मी ती दोरी खिडकीतून आत घेऊन आईजवळ गेलो. कसं समजवावं याचा विचार करत होतो. "आन हिकडं," म्हणत तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि ओढली.

खाली डबा खडखडला, मांजरं उधळली, आणि पाठोपाठ आवाज आला, "कलला गो आक्का, कलला! ठेवते चाय!"

आई हसली आणि तिनं दोरी आणखी एकदा ओढली.