दत्तात्रेयाचा अरबी उस्ताद

पेणपासून धरमतरपर्यंत गाण्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं दत्तात्रेय छातीठोकपणे सांगायचा. त्याची बायको चंद्रावती लग्नांतून धवले गायची. घरात मात्र तिनं सूर लावला की हा म्हणायचा, "हळू गो. कान फाटतात माझे."

एकदा शेजारच्या सुलेमाननं कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर लावला, आणि दत्तात्रेय दारातच थबकला. खोल, भारदस्त आवाज, रांजणात तोंड घालून गायल्यासारखा! शब्द कळेनात. टेप कुवेतचा, म्हणजे गाणारा अरबी उस्तादच, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

"कोण हाय हा?"

"मला काय ठाऊक? कॅसेट माझ्या बायकोची, सुगराची. ती गेलीय माहेरी. तू घेऊन जा."

"कशाला? मी आवाज काढून दाखवला की दुकानदार वळखल."

घरी येऊन त्यानं चंद्रावतीला बजावलं, "उस्तादाची कॅसेट आणतो, मग तुला कळंल गाणं कशाला म्हणतात."

"आणा," ती म्हणाली आणि मासळी साफ करत राहिली.

पेणला पोपटच्या दुकानात त्यानं हनुवटी छातीला टेकवून आवाज काढला. पोपटनं आधी पाणी दिलं. मग कव्वाली लावली.

"असंच, पण आणखी खाली."

मग एक स्तोत्र लावलं.

"अजून खाली."

शेवटी पोपटनं भुताच्या नाटकाची कॅसेट लावली. "आता जवळ आलास," दत्तात्रेय म्हणाला.

पोपटनं हात जोडले. "रोह्याला अनिताताईंच्या कॅसेटच्या दुकानात जा. पण कॅसेट घेऊन जा, तोंडानं नको."

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या भर बाजारात अनिताताईंनी सुगराची कॅसेट लावली. स्पीकरमधून बाईचा उंच, खणखणीत आवाज हळदीचा धवला गाऊ लागला.

"हा नव्हं तो," दत्तात्रेय म्हणाला.

"काका, तुमच्या शेजाऱ्यांच्या टेपचा पट्टा ढिला झाला असणार. म्हणून गाणं रेंगाळून जाड ऐकू येत असेल."

पण तो आवाज दत्तात्रेयानं आता ओळखला होता. धवला संपला, आणि कॅसेटवरच सुगरानं विचारलं, "चंद्रावती, घरी गातेस का गो?"

"नाय गो बाय. आमच्याकडं गाण्यातले मोठे जाणकार हायत. त्यांचे कान फाटतात."

अख्खा बाजार हसला.

"कोण ह्या?" अनिताताईंनी विचारलं. "काय गळा आहे!"

दत्तात्रेयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अभिमानही वाटला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आमच्या घरातल्या," तो पुटपुटला.

संध्याकाळी चंद्रावतीनं विचारलं, "गावला का उस्ताद?"

"गावला. एक धवला म्हण गो. मोठ्यानं."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग पदराला हात पुसून तिनं सूर लावला. दत्तात्रेयानं डोळे मिटून धवला पूर्ण ऐकला, मनापासून मान डोलावली. चंद्रावतीचा चेहरा फुलला.

खरं तर ढिल्या पट्ट्यावरचा तो आवाज त्याला जरा जास्त गोड वाटला होता. पण हे त्यानं तिला आजतागायत सांगितलेलं नाही.