ओवीच्या पलंगाचे पाय

आमच्या शेजारचे वाघमारे काका कोणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची हलवून बघतात, मग यजमानांकडे बघून हसतात. विक्रोळीच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते, त्यामुळे डुगडुगणारी वस्तू त्यांना सहन होत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा काका सरळ टेबलाखाली शिरले. वर पोह्यांच्या बश्या, खाली काका. "डुगडुगतंय ना! तुम्ही खा, मी पाचर मारतो." पाहुणे त्यामुळेच खूश झाले आणि लग्न ठरलं, असं काका अजून सांगतात. आम्हीही त्यांना सांगू देतो.

काकी गेल्यापासून त्यांची नात ओवी हॉलमध्ये त्यांच्या शेजारी गादीवर झोपते. यंदा ती पहिलीत गेली, तशी सून स्नेहा म्हणाली, "बाबा, आता तिला स्वतःचा पलंग हवा. एकटं झोपायची सवय लागू दे. मोबाईलवर बघून ठेवलाय मी."

"विकतचा पलंग? मी काय मेलोय का?" काका गरजले.

गरजले खरे, पण दुसऱ्या दिवशी जिन्यात मला हळूच म्हणाले, "पोर वर, मी खाली. झोप यायची नाही गं." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भांडुपच्या वखारीतून जुन्या सागवानी चौकटी आल्या आणि आमच्या पार्किंगची वाट लागली. सगळ्यांच्या स्कूटरवर भुसा. सेक्रेटरी भांडायला आले, तर काकांनी त्यांनाच पॉलिश पेपर देऊन फळी घासायला बसवलं. चौकट झाली, फळ्या बसल्या, पण पाय काही लागेनात. विचारलं की एकच उत्तर, "लाकूड बसू दे जरा."

"बाबा, ओवीच्या लग्नापर्यंत बसेल ना?" स्नेहा वैतागून म्हणायची.

एका रविवारी दूध घेऊन येताना बघते तर चौकट विटांवर ठेवलेली, वर ओवी आडवी आणि खाली फरशीवर काका आडवे.

"हात खाली सोड." ओवीने सोडला. "नाही पोचत. ऊठ, एक थर काढू."

मला बघून ते ओशाळले. "काही नाही गं, उंची बघतोय."

त्याच संध्याकाळी पाय कापले गेले. पलंग वर आला तेव्हा स्नेहा कपाळाला हात लावून उभी राहिली. "बाबा, हा पलंग आहे की पाट? याच्याखाली झाडू कसा घालायचा?"

"पडली तर लागायला नको," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

"मी नाही पडत," ओवी म्हणाली. "आजी गेल्यापासून आजोबांना माझा हात धरल्याशिवाय झोप येत नाही. आता मी वरून देणार."

काका उगाचच पलंगाची कड घासू लागले. स्नेहाने काकांची गादी उचलली आणि पलंगाला अगदी चिकटून घातली.

"झाडूचं मी बघते, बाबा," ती म्हणाली.